वसंतातली पायवाट कुणाची?



मार्च संपत आला की इथल्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फोटोंची रांग लागते. आधी डॅफोडिल, मग चेरीचा बहर, मग एप्रिलच्या अखेरीला जंगलात अंथरलेल्या निळ्या ब्लूबेल. मे महिन्यात पिवळ्याधमक मोहरीच्या शेतातून चालणारे आपलेच लोक. (ती खरं तर रेपसीड असते, पण आपल्या डोळ्यांना ती मोहरीच दिसते.) आणि दर वर्षी नव्याने आलेल्यांपैकी कुणी तरी एक प्रश्न विचारतंच. "हे शेत कुणाच्या तरी मालकीचं असेल ना? मग आपल्याला यातून जाऊ कसं देतात?"

माझी अर्धी पीएचडी या प्रश्नाभोवती फिरते. इंग्लंडच्या उत्तर भागातल्या एका विद्यापीठात मी एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातल्या पायवाटांच्या भांडणांवर काम करतेय. 'पायवाटांवर पीएचडी' म्हटलं की गावाकडचे नातेवाईक थोडे काळजीत पडतात. बांधावरून झालेली भांडणं त्यांनी पिढ्यान् पिढ्या बघितलीत. त्यावर परदेशात जाऊन संशोधन कशाला करायचं, असं त्यांना वाटतं. पण बांधावरच्या भांडणाची सवय असलेल्या माणसाला हा इतिहास पटकन कळतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून आज तो तुम्हाला सांगते.

उत्तर आधीच देऊन टाकते. तुम्हाला इथून कुणी जाऊ 'देत' नाही. तो तुमचा हक्क आहे. आणि तो हक्क आपोआप आलेला नाही.

हिरव्या तुटक रेघा

इंग्लंडचा ऑर्डनन्स सर्व्हेचा 'एक्सप्लोरर' नकाशा उघडून बघा. एकास पंचवीस हजार असल्या आकड्यांत मी तुम्हाला पाडत नाही. शेताची कुंपणंसुद्धा दिसावीत इतका तो बारीक असतो. त्यावर हिरव्या तुटक रेघांचं जाळं दिसेल. शेताच्या मधून, चर्चच्या मागून, कधी कधी तर कुणाच्या अंगणाला लागून त्या रेघा जातात. या सार्वजनिक वाटा. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यांची एकूण लांबी सुमारे १ लाख ४० हजार मैल, म्हणजे सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास आहे.

वाटेखालची जमीन खासगीच असते. शेतकरी ती नांगरतो, विकतो, मुलांच्या नावावर करतो. पण त्यावरून चालण्याचा लोकांचा हक्क कायद्याच्या दृष्टीने हमरस्त्याइतकाच पक्का असतो. आडव्या जाणाऱ्या वाटेवर नांगर फिरवला, तर ठरावीक दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून देणं शेतकऱ्यावर बंधनकारक असतं. तिथे कुंपण घातलं, तर माणसाला ओलांडता येतील अशा पायऱ्या किंवा फाटक ठेवावं लागतं. शेत विकलं गेलं तरी वाट विकली जात नाही. एकदा सार्वजनिक झालेली वाट कायद्याने रीतसर बंद केल्याशिवाय बंद होत नाही, मग शंभर वर्षं तिच्यावर कुणी पाऊल ठेवलेलं नसलं तरीही.

(हे इंग्लंड-वेल्सपुरतं. स्कॉटलंडचा मामला वेगळा आणि जास्त उदार आहे. तिथे २००३ च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने फिरण्याचा हक्क सगळ्यांना मिळाला.)

आता तुम्ही म्हणाल, किती सुसंस्कृत देश! थांबा जरा.

आधी वाटा गेल्या

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या सामायिक जमिनींना कुंपणं पडली. याला 'एन्क्लोजर' म्हणतात. गावाने मिळून गुरं चारायची, सरपण आणायचं, पीट खणायचं अशा जमिनी संसदेच्या कायद्यांनी एकेकाच्या नावावर झाल्या. आपल्याकडचं गायरान उद्या एकदम चार-पाच खातेदारांच्या सातबाऱ्यावर चढलं तर काय होईल, याची कल्पना करा. असे पाच हजारांहून जास्त कायदे झाले आणि त्यांत सुमारे ६८ लाख एकर जमीन गेली.

जमीन गेली तशा तिच्यावरच्या वाटाही गेल्या. उरल्यासुरल्या वाटांसाठी १८१५ मध्ये एक सोयीस्कर कायदा आला. एखादी पायवाट 'अनावश्यक' आहे असं दोन स्थानिक न्यायाधिकाऱ्यांना वाटलं, की ती बंद करता यायची. हे न्यायाधिकारी कोण? बहुतेक वेळा त्या भागातले जमीनदारच. म्हणजे मी तुझ्या वाटेवर सही करतो, तू माझ्या वाटेवर कर.

मँचेस्टरजवळच्या फ्लिक्स्टन गावात असंच झालं. राल्फ राइट नावाचे न्यायाधिकारी होते. त्यांच्या मालमत्तेतून जाणारी वाट बंद झाली आणि लोक चिडले. कुंपणं उपटली गेली, पुन्हा घातली गेली आणि मामला कोर्टात गेला. याच वातावरणात १८२६ मध्ये मँचेस्टरला जुन्या पायवाटा वाचवण्यासाठी एक संस्था उभी राहिली. पत्रकार आर्चिबाल्ड प्रेंटिस तिच्यात आघाडीवर होते.

हे साल लक्षात ठेवा. कापसाच्या गिरण्यांनी मँचेस्टर काळं पडायला लागलं होतं, त्या काळातली ही गोष्ट. धुरातून बाहेर पडायची वाट अक्षरशः बंद होत होती, आणि शहरातल्या लोकांना ते कळलं होतं.

शनिवार दुपार, ईस्टर आणि रेल्वे

चालण्यासाठी वाट लागते, तसा वेळही लागतो. आपण वसंताचं कौतुक करताना हे विसरतो. गिरणीत आठवड्याचे सहा दिवस काम करणाऱ्याला ब्लूबेल कधी दिसणार?

तेव्हा इंग्लंडमधल्या वसंताच्या इतिहासात काही रुक्ष कायदेही येतात. १८५० च्या फॅक्टरी ॲक्टने कापड गिरण्यांत शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवलं. १८७१ च्या बँक हॉलिडे कायद्याने ईस्टरनंतरचा सोमवार आणि व्हिट मंडे या सुट्ट्या दिल्या. दोन्ही वसंतातल्या. १९१६ पासून उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे ढकलायला सुरुवात झाली. महायुद्धात कोळसा वाचवणं हे तेव्हाचं कारण. पण त्याआधी कित्येक वर्षं या कल्पनेमागे लागलेल्या विल्यम विलेट यांचा आग्रह असा होता, की संध्याकाळचा उजेड लोकांना मोकळ्या हवेत घालवता आला पाहिजे. आज आपण एप्रिलअखेरीस ऑफिस किंवा लायब्ररी सुटल्यावर साडेआठपर्यंत उजेडात भटकतो, त्याचं थोडं श्रेय या गृहस्थाला जातं.

त्यात रेल्वे आली. मँचेस्टरहून हेफील्डचा फाटा १८६८ मध्ये सुरू झाला. हेफील्ड हे किंडर स्काउट नावाच्या डोंगराच्या पायथ्याचं गाव. उंची ६३६ मीटर. सह्याद्रीवाल्यांनी हसू नये. तिथला वारा आणि पायाखालचा चिखल हसू देत नाही. पहिल्या महायुद्धानंतर तरुण कामगारांत रविवारी डोंगरात जाण्याची लाट आली. मँचेस्टर आणि शेफिल्डहून हजारो पोरंपोरी स्वस्त तिकिटं काढून यायची. १९३० च्या सुमारास बेकारी वाढली, तशी ही गर्दी आणखी वाढली. चालायला पैसे लागत नाहीत.

मग इथे येऊन ते चालायचे कुठे? हाच खरा पेच होता.

बारा ऑगस्टची शिकार आणि वसंतातली घरटी

किंडरचा माथा म्हणजे 'मूर'. झाडं नसलेलं, हीदरच्या झुडपांनी आणि काळ्या पीटने भरलेलं माळरान. एके काळी यातली बरीच जमीन सामायिक होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिची वाटणी झाली. नंतर तिथे ग्राउस पक्ष्याची शिकार हा श्रीमंतांचा मोठा षोक बनला. आपल्या तित्तिरासारखा हा पक्षी. १८३१ च्या कायद्यापासून त्याच्या शिकारीचा हंगाम १२ ऑगस्टला उघडतो.

म्हणजे बंदुका वर्षातले मोजके दिवस चालायच्या. पण माथा वर्षभर बंद. आणि सगळ्यात कडक पहारा वसंतात, कारण एप्रिल-मे महिन्यांत ग्राउस जमिनीवर अंडी घालतो. घरट्यांना त्रास नको म्हणून माणसं नकोत, असं मालकांचं म्हणणं होतं. दुसरीकडे पाणीपुरवठा करणाऱ्या नगरपालिकांना धास्ती होती, की लोक फिरले तर तलावाचं पाणी दूषित होईल.

यातला घरट्यांचा मुद्दा खोटा नव्हता. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याला माणसांचा आणि कुत्र्यांचा त्रास होतोच. पण ज्या पिल्लांना जपायचं, ती ऑगस्टमध्ये मारण्यासाठीच जपायची, हेही खरं होतं. त्यामुळे निसर्गाची काळजी आणि मालकीची राखण यांचा इथे असा गुंता झाला, की तो आजही पूर्ण सुटलेला नाही.

माथ्यावर पाट्या असायच्या: आत शिराल तर खटला भरू. गंमत अशी, की इंग्लंडमध्ये दुसऱ्याच्या जमिनीत नुसतं शिरणं हा साधारणपणे फौजदारी गुन्हाच नव्हता. मालक दिवाणी दावा लावू शकत होता, नुकसानभरपाई मागू शकत होता, बाहेर जायला सांगू शकत होता. पण 'खटला भरू' ही थाप होती. हे माहीत असलेले लोक त्या पाट्यांना लाकडी थापाच म्हणायचे.

२४ एप्रिल १९३२

त्या दिवशी रविवार होता. हेफील्डजवळच्या बोडन ब्रिजच्या दगडखाणीत सुमारे ४०० तरुण जमले. पुढारी होता बेनी रॉथमन, वय २०. मँचेस्टरच्या चीटम भागातला, रोमानियाहून आलेल्या ज्यू कुटुंबातला मुलगा. मोटारींच्या दुरुस्तीचं काम शिकलेला आणि तेव्हा बेकार. डाव्या विचारांच्या कामगार क्रीडा संघटनेत तो होता. बेत वर्तमानपत्रात आधीच छापून आलेला, त्यामुळे पोलीस स्टेशनवर वाट बघत होते. हा पठ्ठ्या सायकलने आला.

दगडावर उभं राहून त्याने भाषण केलं आणि सगळे किंडर जलाशयाच्या बाजूने विल्यम क्लफ नावाच्या घळीतून वर निघाले. मग वाट सोडून ते सरळ उतारावर चढले. तिथे गेमकीपर, म्हणजे मालकाचे राखणदार काठ्या घेऊन उभे होते. झटापट झाली, एक राखणदार जखमी झाला. पोरं वर पोहोचली, शेफिल्डच्या बाजूने आलेल्या दुसऱ्या गटाला भेटली आणि परत फिरली. खाली हेफील्डमध्ये पोलिसांनी सहा जणांना धरलं.

जुलैमध्ये डार्बीला खटला चालला. ज्युरीत लष्करी हुद्देवाल्यांचा आणि जमीनजुमला असलेल्यांचा भरणा होता. एक जण सुटला. पाच जणांना दोन ते सहा महिने कैद झाली. रॉथमनला चार महिने. गुन्हे कोणते? दंगल, बेकायदा जमाव, मारहाण. दुसऱ्याच्या जमिनीत शिरल्याबद्दल कुणालाच शिक्षा झाली नाही, कारण तो गुन्हाच नव्हता.

आरोपींपैकी बरेच जण ज्यू होते. त्यांची नावं 'इंग्रजी' वाटत नव्हती आणि कोर्टातही त्याचा उल्लेख झाला. हा तपशील मी मुद्दाम सांगतेय. इंग्लंडच्या डोंगरावर कुणाचा हक्क, या प्रश्नाला सगळ्यात गाजलेलं उत्तर देणाऱ्यांत स्थलांतरितांची मुलं आघाडीवर होती.

एवढी सोपी गोष्ट नाही

ही कथा अशी सांगितली जाते, की पोरांनी डोंगर चढला, तुरुंगात गेली आणि देशाला हक्क मिळाला. ब्लॉगवर सांगायला छान. पण माझ्या गाइडसमोर हे चालत नाही, म्हणून तुमच्यासमोरही नको.

एक तर चालणाऱ्यांच्या जुन्या, मोठ्या संघटनांना हा प्रकार अजिबात आवडला नव्हता. त्या वर्षानुवर्षं मालकांशी वाटाघाटी करत होत्या. १८९७ मध्ये हेफील्डहून स्नेक इनकडे जाणारी वाट अशाच खटपटीतून लोकांसाठी खुली झाली होती. दांडगाईमुळे सगळं बिघडेल, अशी भीती त्यांना वाटली. पुढे पेनाइन वे या लांब पायवाटेची कल्पना मांडणारे टॉम स्टीफन्सन यांनीही किंडरच्या घटनेला फार मोठेपण दिलं नाही.

दुसरं म्हणजे, हा पहिला प्रयत्न नव्हता. १८८४ मध्ये जेम्स ब्राइस यांनी स्कॉटलंडच्या डोंगरांसाठी संसदेत विधेयक आणलं, ते मंजूर झालं नाही. १८९६ मध्ये बोल्टनजवळ विंटर हिलच्या बंद वाटेवरून हजारो लोक चालून गेले. तो मोर्चा किंडरपेक्षा कितीतरी मोठा, पण पुढे बरीच वर्षं विसरला गेलेला.

मग किंडरने काय केलं? शिक्षा इतक्या कडक होत्या, की नाराज लोकही आरोपींच्या बाजूने झुकले. काही आठवड्यांतच विनॅट्स पासच्या सभेला हजारोंची गर्दी झाली. प्रश्न सगळ्या देशापुढे आला. पण कायदा लगेच झाला नाही. १९३९ मध्ये जो झाला, तो इतका कापलेला होता की चालणाऱ्यांनीच त्याला नावं ठेवली. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४९ मध्ये, राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण भागात जाण्या-येण्याचा कायदा आला. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. किंडर त्याच्याच पोटात आहे. १९६५ मध्ये पेनाइन वे खुला झाला, तारीख २४ एप्रिल. मूर आणि डोंगरांवर मोकळं फिरण्याचा हक्क मात्र २००० च्या कायद्याने मिळाला, आणि तो २००४-०५ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाला. तोही इंग्लंडच्या सुमारे ८ टक्के जमिनीवर.

२००२ च्या वसंतात ७० व्या स्मरणदिनाच्या कार्यक्रमात डेव्हनशायरचे ११ वे ड्यूक आले. १९३२ मध्ये माथ्याची मालकी त्यांच्या आजोबांकडे होती. आजोबांच्या वागण्याबद्दल त्यांनी जाहीर माफी मागितली. रॉथमन ती ऐकायला नव्हता. त्याच वर्षी जानेवारीत तो वारला होता.

कंटाळवाण्या कागदांचं मोल

आता माझ्या आवडीचा भाग. यावर कुणी गाणं लिहिलेलं नाही.

१९४९ च्या कायद्याने काउंटी कौन्सिलांना सांगितलं, की तुमच्या हद्दीतल्या सगळ्या सार्वजनिक वाटा शोधा आणि नकाशावर चढवा. याला 'डेफिनिटिव्ह मॅप' म्हणतात. आपण त्याला पक्का नकाशा म्हणू. एकदा वाट त्यावर चढली, की तिच्या अस्तित्वाचा दुसरा पुरावा द्यावा लागत नाही. पण शोधायच्या कुणी? पुष्कळ ठिकाणी हे काम गावपातळीवरच्या पॅरिश कौन्सिलकडे आलं. गावातली माणसं नकाशा घेऊन वाटा चालून आली. कुठे फाटक आहे, कुठे पायऱ्या मोडल्यात, किती वर्षांपासून लोक जातात, असं सगळं त्यांनी लिहून काढलं.

काही गावांनी हे काम मन लावून केलं, काहींनी उरकलं. आणि काही ठिकाणी कौन्सिलवर जमीनमालकच बसलेले होते. म्हणून आजही नकाशावर एका गावात वाटांचं दाट जाळं दिसतं आणि शेजारच्या गावात चार रेघा. तुमच्या रविवारच्या फेरफटक्यात वाट एखाद्या गावाच्या हद्दीवर अचानक संपली, तर कारण भूगोलात शोधू नका. सत्तर वर्षांपूर्वी कुणी तरी एक कागद नीट भरलेला नसण्याची शक्यता जास्त.

राहून गेलेल्या जुन्या वाटा नोंदवण्यासाठी २००० च्या कायद्याने २०२६ ची मुदत घातली होती. चालणाऱ्यांच्या 'रॅम्बलर्स' संघटनेच्या स्वयंसेवकांनी जुने नकाशे पडताळले, तेव्हा सुमारे ४९ हजार मैल वाटा नोंदीबाहेर असल्याचा अंदाज निघाला. मुदतीबद्दल सरकारचं बरंच मागेपुढे झालं आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती रद्द करण्याचा निर्णय जाहीर झाला. म्हणजे भांडण संपलेलं नाही, अर्ज भरायला वेळ मिळालाय.

वहिवाट

आणि आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. 'आपल्याला जाऊ कसं देतात?'

१९३२ मध्येच, म्हणजे रॉथमन तुरुंगात गेला त्याच वर्षी, वाटांच्या हक्काचा एक कायदा झाला. लोक एखाद्या वाटेने सलग २० वर्षं हक्काने आणि अडथळ्याविना चालत आले असतील, तर मालकाने ती लोकांना दिली आहे असं धरायचं. मालकाचा तसा हेतू नव्हता, हे त्याने वेळच्या वेळी दाखवलेलं असेल, तर गोष्ट वेगळी. हाच नियम आज १९८० च्या हायवेज ॲक्टमध्ये आहे. अट एवढीच, की चालणं जबरदस्तीने नको, चोरून नको आणि परवानगी घेऊनही नको.

तिसरी अट पुन्हा वाचा. परवानगीने चाललात, तर हक्क तयार होत नाही. मालक चांगला असेल, हसून 'या, जा' म्हणत असेल, तर तो उद्या 'येऊ नका' म्हणू शकतो. म्हणूनच काही ठिकाणी 'परमिसिव्ह पाथ' अशी पाटी दिसते. तिचा अर्थ, मालक जाऊ देतोय, हक्क समजू नका. इंग्लिश माणूस एरवी पावलोपावली 'प्लीज' म्हणतो, पण पायवाटेच्या बाबतीत न विचारता चालणाऱ्यांनीच सगळ्यांचा हक्क टिकवला.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मराठीत यासाठी शब्दच आहे: वहिवाट. आपल्याकडे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातही शांतपणे, उघडपणे आणि हक्काने केलेल्या २० वर्षांच्या वापराची अट आहे, आणि ती इंग्लिश कायद्याच्याच वळणाची आहे. फरक असा, की आपल्याकडची भांडणं मुख्यतः एका शेताला दुसऱ्या शेतातून वाट मिळण्याची असतात. महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागण्यासाठी तहसीलदाराकडे जातात, ती त्याच जातीची. पाणंद कुणी नांगरून टाकली, की गाव कसं पेटतं हे तुम्हाला माहीत आहे. इंग्लंडमध्ये तोच प्रश्न शहरातल्या लोकांनी उचलला, ज्यांना त्या शेतात काही पिकवायचं नव्हतं, फक्त रविवारी चालायचं होतं. केवळ मोकळ्या हवेसाठी चालणं ही गरज म्हणून मान्य करून घ्यायला त्यांना शंभरेक वर्षं लागली.

आता आपलं, परदेशी लोकांचं. इथे आपण सतत परवानगीवर जगतो. व्हिसा परवानगी, कामाचे तास परवानगी, घरमालकाची परवानगी. त्यामुळे शेताच्या फाटकाशी पोहोचलं की पाय आपोआप अडखळतो. कुणी ओरडेल का? आपल्याला विचारतील का, की इथे काय करताय? हा संकोच काल्पनिक नाही. इंग्रिड पोलार्ड या कृष्णवर्णीय ब्रिटिश छायाचित्रकार आहेत. लेक डिस्ट्रिक्टसारख्या ठिकाणी आपण उपरे आहोत असं वाटण्यावर त्यांनी १९८० च्या दशकातच छायाचित्रांची एक मालिका केली होती.

पण सार्वजनिक वाट 'पब्लिक'ची असते, आणि त्या शब्दात नागरिकत्वाची अट नाही. तुम्ही पर्यटक असा, विद्यार्थी असा, काल विमानातून उतरलेले असा, त्या तुटक हिरव्या रेघेवर तुमचा हक्क ड्यूकइतकाच आहे. एवढंच नाही, नोंदीत नसलेल्या वाटेसाठी कुणीही अर्ज करू शकतं, आणि अमुक वर्षं या वाटेने आम्ही चालतोय असं लिहून दिलेल्या जबानीत तुमचं चालणंही मोजलं जातं. मराठीत आपण म्हणतो वाट मळली. इथल्या कायद्यात मळलेली वाट हा पुरावा आहे.

तेव्हा या वसंतात

फोनवरचं ॲप ठीक आहे, पण एकदा तरी कागदी एक्सप्लोरर नकाशा घेऊन निघा. नेहमीच्या गर्दीच्या ठिकाणांपेक्षा घराजवळची एखादी साधी हिरवी रेघ निवडा. फाटक जसं होतं तसं लावा. मोकळ्या मूरवर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा आखूड पट्ट्यावर ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे. जमिनीवर घरटी असतात, आणि घरट्यांचा मुद्दा खरा होता हे आपण वर पाहिलंच. ब्लूबेलच्या जंगलात फोटोसाठी वाट सोडून आत शिरू नका. तुडवलेली पानं पुन्हा उभी राहत नाहीत, आणि पानंच नसली तर जमिनीखालच्या कंदाला पुढच्या वर्षासाठी अन्न मिळत नाही. त्या जागी फुलं परत यायला कित्येक वर्षं लागतात.

वाट नांगरलेली दिसली, फाटकाला कुलूप दिसलं किंवा पाटी उपटलेली दिसली, तर मात्र मुकाट्याने मागे फिरू नका. फोटो काढा, जागा टिपा आणि त्या काउंटीच्या वेबसाइटवरच्या 'राइट्स ऑफ वे' विभागाला कळवा. पाच मिनिटांचं काम आहे. तक्रार करणाऱ्याचा पासपोर्ट कोणत्या देशाचा, हे त्या फॉर्मवर कुणी विचारत नाही.

पुढच्या लेखात विंटर हिलच्या मोर्चाबद्दल लिहीन. तोवर तुमच्या भागातल्या वाटांचे अनुभव आणि गावाकडच्या पाणंदीच्या गोष्टी जरूर कळवा. दोन्ही माझ्या कामाच्या आहेत.